कडी आतून

वखारभागातलं आदगोंडा अण्णांचं हळदीचं गोदाम
एकोणीस वर्षं बंद होतं.
शटर कापायला मला बोलावलं तेव्हा
आधी वास बाहेर आला,
मग अंधार,
मग एक मांजर, तीन पिल्लं घेऊन, चिडलेली.

भिंतीवर पुराच्या दोन रेघा.
पाचची खाली, एकोणीसची वर.
मधे एक लहान पोर उभं राहील एवढं अंतर.

इथं चोवीस खोल्या करायच्यात, बिरनाळे मॅडम म्हणाल्या.
भाडं मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाणार नाही,
मिळकतच नसेल त्याचं नंतर बघू.
खाली एक नर्सबाई, एक सामाईक स्वयंपाकघर,
आणि कुणाला बोलावंसं वाटलं तर बसायला बाक.
कुणासाठी हे सगळं?
"दवाखान्यानं सोडलं
आणि घरानं घेतलं नाही, त्यांच्यासाठी."
मी वेल्डिंगचा चष्मा खाली ओढला.
काही उत्तरांना तो बरा पडतो.

चुना दिला. पिवळं वर आलं.
परत दिला. परत आलं.
मेहबूब शिकलगार ब्रश धुता धुता म्हणाला,
हळद लागलेली पोर आणि ही भिंत,
दोघींना झाकता येत नाही बघा.
शेवटी मॅडमनीच रंग बदलला.
फिकट पिवळा.

तातोबा व्हनमाने रोज दारात येऊन बसायचा.
इथंच थप्पीवरनं पडून त्याची कंबर गेली होती,
आणि कंबरेमागं बाकीचं.
यादीत त्याचं नाव होतं, खोली नंबर सात.
"सात म्हंजे राजापुरीची थप्पी," तो म्हणाला.
"मुकादम नसला की दुपारचा तिथंच झोपायचो.
तवा चोरून.
आता पावती फाडून."

मागच्या गल्लीनं अर्ज दिला होता:
वेड्यांची वस्ती नको.
एक्केचाळीस सह्या.
त्यातली एक माझी,
काम मिळायच्या आधीची.
हे अजून मी मॅडमना सांगितलेलं नाही.

दारं पत्र्याची, चौकट अँगलची, मीच केलेली.
कमिटीची चिठ्ठी आली:
कड्या बाहेरच्या बाजूला. सुरक्षितता.
मी बसवल्या. चोवीस.
चिठ्ठीवर शिक्का होता, आणि मला बिल काढायचं होतं.

यशोदा ऐवळे खोली बघायला आली त्या दिवशी
पंखा नवा होता, खिडकीतून लिंबाचं झाड दिसत होतं,
नर्सबाई दोन्ही दाखवत होत्या.
यशोदा येरवड्यात अकरा वर्षं राहिलेली.
तिनं खिडकीकडं बघितलंच नाही.
दार अर्धं ओढलं,
बाहेरच्या अंगाला हात लावला,
मग आतल्या अंगाला,
वरपासून खालपर्यंत, पत्र्यावरनं,
अंधारात काडेपेटी शोधावी तसा.
"आतनं काय न्हाई व्हय?"
एवढंच.
मग जाऊन बाकावर बसली, पिशवी मांडीवर घट्ट धरून.

दुसऱ्या दिवशी मी पोराला न आणता एकटाच आलो.
ग्राइंडर लावला.
चोवीस कड्या कापल्या, भोकं बुजवली,
आतून बसवल्या.
अडीअडचणीला एक किल्ली नर्सबाईंकडं,
ती लावायच्या आधी तीनदा हाक मारायची,
असं मॅडमनी कमिटीकडून लिहून घेतलं.
कसं घेतलं, त्यांनाच माहीत.
बिल मी एकाच वेळचं लावलं.

यशोदा शुक्रवारी आली. सामान म्हणजे तीच पिशवी.
आत गेली. कडी लावली.
काढली.
लावली.
आम्ही खाली बाकावर, मी आणि तातोबा,
तो विडी पेटवायची विसरलेला.
सात-आठदा झालं असेल.
मोजत नव्हतो म्हटलं तर खोटं.

"बसली का नीट?" तातोबानं विचारलं.
बसलीय, म्हटलं. जरा करकरतीय.
उद्या तेलाची बाटली घेऊन येतो,
दार वाजवीन,
आणि ती उघडेल तर.